पुरात बुडालेलं एस्टीमचं इंजिन नव्याने बांधलंय, रेव्ह लिमिट किती ठेवू?

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणचा. गाडी मारुती एस्टीम, १.३ लिटर, १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय, बाबांनी नवी घेतलेली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा गाडी स्टेअरिंगपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर घाईघाईत मी एकदा सेल्फ मारला. इंजिन थोडं फिरलं आणि अडकलं. सिलेंडरमध्ये पाणी होतं. त्यानंतर गाडी कित्येक महिने तशीच उभी राहिली, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत उभ्या इंजिनाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

शेवटी फुल इंजिन काम काढलं. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात. ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन घातले, त्यामुळे १२९८ सीसीचे साधारण १३१६ झाले. पिस्टन साधे कास्ट (ओतीव) आहेत, फोर्ज्ड (घडीव) नाहीत. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बाहेरून ग्राइंड करून आणला, लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची उंची, मूळपेक्षा जास्त आहे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मात्र जुन्याच. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) स्टँडअलोन, हवा तसा सेट करता येणारा बसवलाय, म्हणजे इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमपर्यंत जाऊ द्यायचं याची कंपनीची मर्यादा आता राहिली नाही. लिमिटचा आकडा मीच भरायचा. तिथेच अडलोय. सध्या ६५०० भरलाय.

आमचे मिस्त्री म्हणतात ७५०० बिनधास्त ठेव. इंजिन त्यांनी मनापासून बांधलंय, त्यांच्या हातावर माझा विश्वास आहे. पण मी गणित करून पाहिलं. स्ट्रोक ७५.५ मिमी. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले ६०. ६००० ला १५.१ मीटर प्रति सेकंद येतो, ७००० ला १७.६, ७५०० ला १८.९. रस्त्यावरच्या कास्ट पिस्टनवाल्या इंजिनाला १८ ते २० चालतं, असं सगळीकडे सांगतात. जुन्या बलेनो १.६ चा स्ट्रोक ९० मिमी, ती तर ६००० लाच १८ गाठते. या हिशोबाने मिस्त्री बरोबर आहेत.

पण रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) बोल्टवर येणारी ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. ६००० वरून ७५०० म्हणजे आरपीएम २५ टक्के जास्त, ओढ ५६ टक्के जास्त. ७००० ला टॉप डेड सेंटरपाशी (पिस्टन सगळ्यात वर असतो तिथे) पिस्टनचा प्रवेग गुरुत्वाच्या अडीच हजार पटींच्याही वर जातो. पिस्टन, पिन, रिंगा मिळून ४०० ग्रॅम धरले तर बोल्टांवर एक टनापेक्षा जास्त ओढ, प्रत्येक फेऱ्याला. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तर वरून गॅसचा दाबही नसतो, सगळी ओढ रॉडलाच सोसायची.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या सिलेंडरचा रॉड वाकलेला निघाला, तो बदलला, पण आणलेला रॉड दुसऱ्या गाडीतला, वापरलेला. बाकीचे तीन पुरातलेच. बांधताना त्यांच्या दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे दिसत होते. ब्रशने साफ केले, चारही वजनाला सारखे केले आणि घातले. तेव्हा मला त्याचं एवढं काही वाटलं नव्हतं. नंतर वाचलं की धातू थकून तुटतो तेव्हा चीर अशाच खड्ड्यातून सुरू होते, आणि ती बाहेरून दिसत नाही. बोल्ट नवे आहेत, पण सुट्टे घेतलेले, त्यावर कसलीही खूण नाही. घट्ट करण्याआधी आणि नंतर लांबी मोजायला हवी होती, ती मोजली नाही.

दुसरी शंका ऑइलची. हजार किलोमीटर रनिंग-इन झालंय. गरम इंजिनात ६५०० ला ४ बार ऑइल प्रेशर मिळतं. हजार आरपीएममागे १० पीएसआय या जुन्या ठोकताळ्याने साडेचार हवेत. त्याहून मला खटकतं ते असं की कुंभार्ली घाट चढताना, अगदी बेताच्या वेगात, उजव्या वळणावर ऑइल प्रेशरची सुई क्षणभर खाली येते. लेव्हल पूर्ण भरलेली असते. सॅम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) बॅफल, म्हणजे ऑइल हेलकावू न देणारा पत्रा, घालावा लागेल असं वाटतंय. कोणी घातलाय का या इंजिनाला?

स्प्रिंगांबद्दलही सांगा. जास्त लिफ्टच्या कॅमवर जुन्या स्प्रिंगा ७००० च्या आतच व्हॉल्व्ह तरंगू देतील का, म्हणजे वेळेत बंद होणार नाहीत का? टेस्टरवर दाब मोजून घ्यायचा तर बसलेल्या अवस्थेत आणि पूर्ण दाबलेल्या अवस्थेत किती असायला हवा?

रेस रस्त्यावर करायची नाहीये. पावसाळा संपला की कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर न्यायची आहे, आणि गाडी आतेभाऊ चालवणार आहे. म्हणून आकडा अंदाजाने भरायची हिंमत होत नाही.

भर (काल रात्रीचे प्रतिसाद वाचून):

लिमिटर ६८०० ला ठेव आणि विसरून जा, असं दोघांनी लिहिलंय. आभार. पण चौथ्या गिअरमधून खाली येताना तिसऱ्याऐवजी दुसरा पडला तर इंजिनाला चाकं फिरवतात, तिथे लिमिटर काहीच करू शकत नाही. रॉडमध्ये तेवढी राखीव ताकद हवी, आणि ती माझ्या रॉडमध्ये आहे याची खात्री मला नाही.

डायनोबद्दल (इंजिनाची ताकद यंत्रावर मोजण्याबद्दल) विचारलंत. अजून केलेला नाही. कंपनीच्या कागदावर ८५ बीएचपी ६००० ला आहे. नव्या कॅमवर ताकद ६६०० नंतर पडत असेल तर ७५०० पर्यंत ताणण्यात अर्थच नाही, हे पटलं. आधी डायनो, मग आकडा.

आता एवढंच विचारतो: हेड पुन्हा उतरवून रॉड बाहेर काढावेत ना? लोट्याच्या एमआयडीसीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये डाय पेनेट्रंट टेस्ट (रंग लावून चीर शोधायची चाचणी) होते, त्यात चीर असेल तर दिसेल. पण चीर नाही, फक्त खड्डे आहेत असं निघालं, तर पॉलिश आणि शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग मजबूत करणं) करून तेच रॉड वापरलेला कोणी आहे का? की सरळ टाकून द्यावेत? नवं गॅस्केट आणि आठवडाभर गाडी बंद, दोन्ही मला चालेल.

आणि कोणाकडे या इंजिनाचे एकाच गाडीतले चार रॉड असतील, पाण्यात न गेलेले, तर कळवा. कोल्हापूरपर्यंत येऊन घेऊन जाईन.