मदत हवी आहे: साहेबांचा राग काउंटरपुढच्या माणसांवर निघतोय

नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत कॅश काउंटरवर आहे. सात वर्षं झाली. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण मला तक्रार करायची नाही. मला माझ्याच वागण्यावर उपाय हवा आहे.

अतिवृष्टीचं अनुदान पडू लागलं की साडेदहाच्या आधीच आमच्या दारात रांग लागते. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर तर रोजच लागायची. कुणाचं आधार लिंक नसतं. कुणाचं नाव यादीत असतं, पण विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर ई-केवायसी करायची राहिलेली असते. कुणाचे पैसे आलेले असतात, पण पीककर्ज थकलं म्हणून खातं होल्डवर. मदतीचे पैसे कर्जात वळवू नका अशा सूचना सरकार देतं, ते पेपरात छापून येतं, आणि माणसं कात्रण घेऊन माझ्यापुढे उभी राहतात. होल्ड काढायचा अधिकार माझ्या लॉगिनला नाही. पण त्यांच्यासाठी बँक म्हणजे काचेमागे बसलेली मीच.

गेल्या मंगळवारी बाजार होता, हॉल गच्च. बाराच्या सुमारास मॅनेजर सर केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तीन महिन्यांत एक विमा पॉलिसी नाही तुमची. पगार कशाचा घेता?" मी काही बोलले नाही. कान तापले, बोटं थरथरत होती, तरी नोटा मोजत राहिले.

पुढचे बाबा सत्तरीचे असतील. पासबुक कॅरीबॅगेत गुंडाळलेलं. "माय, पैसे पडले का बघ बरं." मी म्हटलं, होल्ड आहे, साहेबांना भेटा. त्यांना 'होल्ड' कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी ओरडले, "किती वेळा सांगायचं? समजत नाही का?"

हॉल एकदम गप्प झाला. "चुकलं माय," एवढंच म्हणाले, पासबुक परत पिशवीत घातलं आणि गेले.

माझे अण्णा सेलू तालुक्यात शेती करतात. दुधनेकाठचं आमचं अडीच एकर सोयाबीन त्याच पुरात गेलं. तेही असेच कुठल्या तरी खिडकीपुढे उभे राहिले असतील. त्यांनाही कुणी असं बोललं असेल आणि त्यांनी घरी सांगितलं नसेल, हा विचार डोक्यातून जात नाही. त्या संध्याकाळी कॅश टॅली होईना. पाचशे कमी आले, ते मी पदरचे भरले.

वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात तेच हे, आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. कधी शिपायावर निघतं, कधी घरी गेल्यावर लेकरावर. जिथं बोलायला हवं तिथं तोंड उघडत नाही, आणि जो उलटून बोलणार नाही त्याच्यावर सगळं जातं. मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते.

दहा अंक मोजून पाहिले. समोरून चार पासबुकं आत येत असताना दहापर्यंत पोचताच येत नाही. हे म्हणतात, सरकारी पगारासारखी नोकरी आहे, मनावर घेऊ नको. ट्रेनिंगमध्ये सांगतात, हसतमुख राहा. पण वरून हसून आत दाबलेलं दुपारपर्यंत बाहेर येतंच. कॅश उघडी टाकून उठताही येत नाही. अशा वेळी जागेवर बसून नेमकं काय करायचं? आणि सरांशी बोलू की नको? बदली त्यांच्या शेऱ्यावर असते. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (निवृत्त परिचारिका, लातूर)

पोरी, मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. रात्री साप चावलेला माणूस घेऊन दहा जण एकदम आत शिरायचे. डॉक्टर आमच्यावर ओरडायचे, आम्ही मावशींवर, मावशी नातेवाइकांवर. तू लिहिलंस तेच.

आमच्या मोठ्या सिस्टरांनी एक नियम घातला होता: जिला बोलणं बसलं, तिनं पाच मिनिटं औषधाच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही. डोस चुकतो. तुझे पाचशे असेच गेले. उठता येत नसेल तर ड्रॉवरला कुलूप लाव, "दोन मिनिटं थांबा" असं मोठ्यानं सांग आणि पाणी पी. रांग थांबते, मी पाहिलंय.

दुसरं, स्लिपच्या मागे लिही: "अपमान झाला." राग आला असं नको, जे खरं झालं ते लिही. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-राग उठवणाऱ्या भागाची, उसळी कमी होते, हे २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं मेंदूच्या स्कॅनवर दाखवलंय. मला हे कारण फार उशिरा कळलं, पण गुण आधीच आला होता.

साहेबांशी त्याच दिवशी बोलू नको. दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी एवढंच म्हण: "सर, टार्गेटचं केबिनमध्ये विचारा. हॉलमध्ये बोललात की माझी कॅश चुकते." कॅशची भाषा त्यांना कळेल.

आणि झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येत असेल, तर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन कर. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. वेड लागल्यावरच करायचा फोन नाही तो.

धागाकर्ती

सिस्टर, खूप आभार. रविवारच्या गोळ्याचं तुम्ही कसं ओळखलंत? आज फोन लावते.

सरांशी शुक्रवारी बोलले. तुमचंच वाक्य. ते "बरं" म्हणाले, वर पाहिलं नाही. पण शनिवारी पॉलिसीचं विचारायला आत बोलावलं.

ते बाबा अजून आले नाहीत. त्यांचा नंबर सिस्टिममध्ये आहे, पण माझ्या माफीसाठी ग्राहकाची माहिती काढणं मला बरोबर वाटत नाही. होल्ड उठवण्यासाठी कुणाकडे, काय लिहून अर्ज द्यायचा, ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलंय. उद्या मंगळवार आहे. आले तर आधी माफी मागू की आधी काम करून देऊ?