जुन्या टाकीतून नव्या मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकमध्ये शिफ्टिंग
जुनी वाळू तशीच नव्या टाकीत ओतू का विचारलंय, तर प्लीज नको, तळाची घाण ढवळली गेली की अमोनिया वाढतो आणि मासे वर येऊन धापा टाकायला लागतात. लाइव्ह रॉक, म्हणजे टाकीतले सच्छिद्र जिवंत खडक, मात्र जिवापाड जपा, अमोनिया संपवणारे बरेचसे बॅक्टेरिया त्यातच असतात, टाकीच्याच पाण्यात पूर्ण बुडवून न्या. नव्या पाण्याची सॅलिनिटी (खारेपणा) आधी जुन्याशी जुळवून घ्या, विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२५, तापमान २५-२६ डिग्री. क्लाउनफिश बऱ्यापैकी सोसतात हो, पण कोळंबी आणि स्टारफिशला घाई अजिबात चालत नाही, त्यांच्या भांड्यात नळीने नव्या टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत तासभर तरी द्याच. आणि ॲनिमोन (खडकाला चिकटून राहणारं समुद्रफूल) असेल तर ओढून काढू नका, बोटाच्या पेराने कडेकडेने हळूच सोडवा, पाय, म्हणजे चिकटलेला तळ, फाटला तर वाचणं कठीण. मासे सगळ्यात शेवटी सोडा, रात्री अमोनिया टेस्ट कराच.