‘ॲक्चुअली’, ‘इन फॅक्ट’, ‘अपॅरंटली’: समजूत एक आणि वस्तुस्थिती दुसरी असेल, तेव्हा कोणता शब्द योजावा?

प्रश्न: नाशिकची_लेखापाल

नमस्कार. मी नाशिकमधील एका लेखा-सेवा कार्यालयात काम करते आणि इंग्लंडमधील ग्राहकांशी माझा रोजचा पत्रव्यवहार इंग्रजीतून चालतो. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. व्याकरणाच्या चुका आता फारशा होत नाहीत, पण गेल्या महिन्यात दोन वाक्यांनी मला अडचणीत आणले आणि दोन्ही ठिकाणी घोटाळा एकेका क्रियाविशेषणाने केला.

पहिला प्रसंग असा. बीजक कधी पाठवणार, अशी एका ग्राहकाने साधी विचारणा केली होती. मी उत्तर लिहिले, ‘ॲक्चुअली, वी सेंट द इन्व्हॉइस ऑन मंडे.’ माझ्या मनात ‘खरे तर बीजक सोमवारीच पाठवले आहे’ एवढेच होते आणि त्यात मला नम्रताच वाटत होती. वरिष्ठांनी मात्र पत्र वाचून सांगितले की, यात ग्राहकाला खोडून काढल्याचा सूर लागला आहे.

दुसऱ्या वेळी मी हिशेबातील तफावतीबद्दल लिहिले, ‘द डिफरन्स इज अपॅरंटली ड्यू टू अ डुप्लिकेट एंट्री.’ एकच रक्कम दोनदा नोंदलेली मी स्वतः ताळा करून पाहिली होती आणि शब्दकोशात ‘अपॅरंट’ या शब्दापुढे ‘उघड, स्पष्ट’ असा अर्थ दिलेला होता. ग्राहकाचे उत्तर आले की, आम्हाला अंदाज नको आहे, कृपया खात्री करून कळवावे.

शब्दकोशात ‘ॲक्चुअली’, ‘इन फॅक्ट’ आणि ‘इन रिॲलिटी’ या तिन्हींपुढे जवळजवळ तेच मराठी शब्द सापडतात. ‘अपॅरंटली’, ‘सपोझिडली’ आणि ‘ऑस्टेन्सिबली’ यांचीही तीच गत आहे. यांतला फरक नेमका कशावरून ओळखायचा, हे कोणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १: साताऱ्याचे_निवृत्त_शिक्षक

ताई, तुमच्या पहिल्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. ‘ॲक्चुअली’ हा शब्द घटना खरी आहे एवढेच सांगून थांबत नाही, तर कोणाची तरी समजूत वेगळी होती हेही तो सुचवतो. ती समजूत कोणाची, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतो आणि पत्राच्या आरंभीच हा शब्द आला की ‘अर्थातच माझी’ हे उत्तर त्याला मिळते. मराठीत ‘खरे तर’ने वाक्य सुरू करताना आपण बहुधा स्वतःचे बोलणे हळुवार करत असतो. इंग्रजी वाक्याच्या आरंभी ‘ॲक्चुअली’ घातले की, विशेषतः लेखनात, ते दुसऱ्याची चूक दुरुस्त करणारे वाटते. बोलताना आवाजाने ती धार कमी करता येते, कागदावर ती सोय नसते.

या शब्दाची वाक्यातील जागा बदलली की अर्थही बदलतो, हे मी वर्गात पुढील उदाहरणांनी शिकवत असे. ‘ही ॲक्चुअली केम’ याचा अर्थ ‘तो चक्क आला’ असा होतो. तो येईल असे कोणाला वाटत नव्हते आणि बोलणारा स्वतःही चकित झालेला आहे. ‘ॲक्चुअली, ही केम’ याचा अर्थ मात्र ‘नाही हो, तो आला होता’ असा होतो, म्हणजे समोरच्याचे म्हणणे येथे नाकारले आहे. नकारार्थी वाक्यांत तर हा फरक व्यवहाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरतो. ‘ही डिडन्ट ॲक्चुअली से नो’ म्हणजे त्याने तोंडाने ‘नाही’ म्हटले नाही, पण त्याच्या बोलण्याचा रोख नकाराचाच होता. ‘ॲक्चुअली, ही डिडन्ट से नो’ म्हणजे त्याने नकार दिलेलाच नाही, आपण उगाच तसे धरून चालला आहात. बैठकीचे इतिवृत्त लिहिणाऱ्याने यांपैकी एकाच्या जागी दुसरे वाक्य लिहिले, तर एखादा करार होण्याआधीच फिसकटू शकतो.

‘इन फॅक्ट’ची दोन कामे आहेत आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. ‘शी इज अ डॉक्टर, इन फॅक्ट, शी इज अ सर्जन’ या वाक्यात कोणतीही समजूत खोडलेली नाही. आधी जे सांगितले तेच येथे अधिक जोर देऊन सांगितले आहे. येथे आपला शब्द ‘किंबहुना’ हा आहे. संस्कृतातील ‘किं बहुना’, म्हणजे ‘फार बोलून काय’, या प्रश्नातून तो आला आहे आणि आधीच्या विधानाच्या एक पायरी वर चढण्याचे काम तो उत्तम करतो. दुसरे काम विरोधाचे आहे. तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी तेथून अवघ्या ८० किलोमीटरांच्या आसपास असलेल्या अरबी समुद्राला मिळत असेल, असे नकाशा पाहणाऱ्या परक्या माणसाला सहज वाटेल. प्रत्यक्षात ती पूर्वेकडे वळते आणि सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. या ‘प्रत्यक्षात’च्या जागी ‘इन फॅक्ट’ बसेल आणि ‘इन रिॲलिटी’ही बसेल. सर्जनच्या वाक्यात मात्र ‘इन रिॲलिटी’ चालणार नाही, कारण तो शब्द फक्त विरोधासाठी आहे. तो तेथे घातला, तर त्या बाई डॉक्टर नाहीतच, असे वाचणाऱ्याला वाटेल.

तेव्हा ‘किंबहुना’ बसत असेल तर ‘इन फॅक्ट’ लिहावे, ‘चक्क’ बसत असेल तर ‘ॲक्चुअली’ क्रियापदाजवळ ठेवावे आणि ‘वास्तविक’ बसत असेल तर ‘इन रिॲलिटी’ घ्यावे.

प्रतिसाद २: पुण्यातील_मुद्रितशोधक

सरांचे विवेचन मला पटले, पण शेवटच्या वाक्यातील ‘वास्तविक’बद्दल माझा मतभेद आहे. अनुवादाची मुद्रिते तपासताना या शब्दाने मला वारंवार थांबवले आहे. मराठीत ‘वास्तविक’ पुष्कळदा जे घडले ते सांगत नाही, तर जे घडायला हवे होते आणि घडले नाही ते सांगते. ‘वास्तविक बैठक अकरा वाजता सुरू व्हायला हवी होती, प्रत्यक्षात ती साडेबाराला सुरू झाली’ हे वाक्य पाहा. यातील ‘इन रिॲलिटी’ हे ‘प्रत्यक्षात’च्या जागी येईल. ‘वास्तविक … हवी होती’ एवढ्यासाठी इंग्रजीत क्रियाविशेषण लागतच नाही, ‘द मीटिंग वॉज सपोझ्ड टू स्टार्ट ॲट इलेव्हन’ अशी क्रियापदाची रचना ते काम करते. आपल्या ‘वास्तविक’मध्ये रास्तपणाचा आणि थोडा तक्रारीचा अर्थ मिसळलेला आहे. ‘वास्तविक मोठ्या भावाने पुढाकार घ्यायचा’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या भावाने पुढाकार घेतलेला नसतो.

आता आपल्या दुसऱ्या वाक्याकडे वळतो. शब्दकोशाने आपल्याला खोटे सांगितलेले नाही, पण त्याने विशेषणाचा एक अर्थ दिला आणि आपण तो क्रियाविशेषणाला लावला. ‘अपॅरंट’ या शब्दाचे मूळ दिसण्यात आहे आणि दिसण्याचे दोन अर्थ होतात. जे डोळ्यांसमोर आहे म्हणून निर्विवाद आहे ते एक, आणि जे नुसते दिसते, खरे असेलच असे नाही, ते दुसरे. ब्रिटिश राजघराण्यातील ‘एअर अपॅरंट’ या पदात पहिला अर्थ टिकून आहे. ज्याचा हक्क पुढे होणाऱ्या कोणत्याही जन्माने डावलला जाऊ शकत नाही, असा तो वारस असतो. एलिझाबेथ १९३६ ते १९५२ या काळात गादीच्या पहिल्या वारस होत्या, तरी त्यांना ‘एअर प्रिझम्प्टिव्ह’ म्हणत, कारण भाऊ जन्मला असता तर त्या काळच्या नियमानुसार हक्क त्याच्याकडे गेला असता. उलट खगोलशास्त्रात सूर्याच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याला ‘अपॅरंट मोशन’ म्हणतात आणि मराठीत आपण त्याला भासमान गती म्हणतो. तेथे दुसरा अर्थ आहे. आजच्या इंग्रजीत ‘अपॅरंटली’ हे क्रियाविशेषण जवळजवळ सर्वत्र या दुसऱ्या बाजूला गेले आहे. ‘असे दिसते’, ‘असे कळते’ हाच त्याचा अर्थ आहे आणि त्यातून बोलणारा स्वतःची हमी काढून घेतो. आपण ताळा स्वतः केला होता, म्हणजे आपल्यापाशी हमी होती. तेव्हा आपण ‘क्लिअरली’ लिहायचे होते, किंवा त्याहून चांगले म्हणजे काहीच न लिहिता सरळ विधान करायचे होते.

हमी कोण देतो आणि किती देतो, या कसोटीवर उरलेले शब्दही वेगळे करता येतात. ‘सपोझिडली’ म्हणजे लोक तसे मानतात, मला मात्र ते पटलेले नाही. ‘अलेजिडली’ म्हणजे आरोप झाला आहे, सिद्ध झालेला नाही. त्यात लिहिणारा आपले मत देत नाही आणि म्हणूनच वृत्तपत्रांना तो शब्द लागतो. ‘ऑस्टेन्सिबली’साठी ‘वरकरणी’ हा आपला शब्द नेमका आहे. येथे सांगितलेले कारण एक असते आणि हेतू दुसरा असल्याची शंका असते. पुस्तक परत करण्याच्या निमित्ताने घरी आलेला आणि तासभर उसने पैसे मागण्याची संधी शोधत बसलेला पाहुणा ‘ऑस्टेन्सिबली’ पुस्तकासाठी आलेला असतो.

येथे ‘म्हणे’ या शब्दाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘तो म्हणे आता परदेशी जाणार’ या वाक्यात एका दोन अक्षरी शब्दाने ऐकीवपणाही सांगितला आणि सुराप्रमाणे अविश्वासही सुचवला. घरगुती बोलण्यात ‘अपॅरंटली’ आणि ‘सपोझिडली’ या दोघांचे काम तो एकटा करतो. पण याच कारणाने न्यायालयीन कागदपत्रांच्या अनुवादात ‘अलेजिडली’साठी ‘म्हणे’ कधीही वापरू नये, कारण त्याने आरोप करणाऱ्याची टर उडवल्यासारखे होते. तेथे ‘असा आरोप आहे’ हे लांबलचक वाटले तरी तेच योग्य आहे. ‘तथाकथित’ही तेथे नको, त्यात लिहिणाऱ्याची नापसंती उघड दिसते.

प्रतिसाद ३: स्टुटगार्टमधील_वाचक

जर्मन शिकणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सावधगिरी नोंदवतो, कारण मी स्वतः येथे फसलो आहे. जर्मनमधील ‘आक्टुएल’ हा शब्द ‘ॲक्चुअल’चा भाऊबंद आहे, पण त्याचा अर्थ ‘सध्याचा, ताजा’ असा आहे. फ्रेंचमधील ‘आक्त्युएलमाँ’ आणि स्पॅनिशमधील ‘आक्तुआलमेंते’ यांचाही अर्थ ‘सध्या’ असाच होतो. या सर्व शब्दांचे मूळ लॅटिनमधील कृतिवाचक शब्दात आहे. जे नुसते संभाव्य नाही, तर कृतीत उतरले आहे, ते इंग्रजीत ‘खरे’ झाले आणि शेजारच्या भाषांत ‘आत्ताचे’ झाले. आमच्या कार्यालयात एका जर्मन सहकाऱ्याने इंग्रजीत लिहिले की, ‘ॲक्चुअली’ तो दुसऱ्या प्रकल्पावर काम करत आहे. तो आपली माहिती खोडून काढतो आहे, असे समजून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. त्याला फक्त ‘सध्या’ म्हणायचे होते. इंग्रजी ‘ॲक्चुअली’साठी जर्मनमध्ये बहुधा ‘आयगेंटलिश’ हा शब्द येतो आणि तो बराच मवाळ आहे, आपल्या ‘खरे तर’सारखा.

प्रतिसाद ४: मडगावची_वनस्पतिशास्त्र_शिक्षिका

या यादीत ‘टेक्निकली’ही यायला हवा. त्यात समजूत आणि वस्तुस्थिती यांचे नाते थोडे निराळे आहे, कारण नियमाने जे खरे असते ते व्यवहारात मानले जात नाही, असे तो सांगतो. टोमॅटो ‘टेक्निकली’ फळ आहे, हे वाक्य मी दर वर्षी वर्गात उच्चारते. अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १८८३ च्या कायद्याप्रमाणे आयात भाज्यांवर कर होता आणि फळांवर नव्हता, म्हणून टोमॅटोला फळ ठरवण्याची मागणी झाली. १८९३ साली न्यायालयाने निर्णय दिला की, वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते फळ असले तरी सामान्य बोलीत लोक त्याला भाजी मानतात आणि करासाठी तोच अर्थ धरला जाईल. म्हणजे येथे वस्तुस्थिती मान्य करूनही समजुतीच्या बाजूने निकाल लागला. ‘ॲक्चुअली अ फ्रूट’ म्हटले की ऐकणाऱ्याची चूक दाखवली जाते. ‘टेक्निकली अ फ्रूट’ म्हटले की त्याचे नेहमीचे बोलणेही अबाधित राहते. ज्यांना पत्रात कोणाला दुखवायचे नाही, त्यांना हा भेद उपयोगी पडेल.

प्रतिसाद ५: नाशिकची_लेखापाल

सर्वांचे मनापासून आभार. सर, समजूत कोणाची हा प्रश्न मी यापूर्वी स्वतःला कधीच विचारला नव्हता. पहिले वाक्य आता मी असे लिहीन: ‘वी सेंट द इन्व्हॉइस ऑन मंडे, प्लीज लेट अस नो इफ इट हॅज नॉट रीच्ड यू.’ दुसऱ्या वाक्यातील ‘अपॅरंटली’ काढून टाकले आणि पुढे ताळ्याची तारीख जोडली. ‘वास्तविक’बद्दल वाचले तेव्हा माझ्या आईची कितीतरी वाक्ये आठवली, आणि त्या प्रत्येक वाक्यात जे व्हायला हवे होते ते झालेले नव्हते.

एक शेवटचे विचारते. उद्याच्या अहवालात मला लिहायचे आहे की, नोंदवहीप्रमाणे गोदामात ४१२ खोकी असायला हवीत आणि मोजली तेव्हा ३९८ भरली. येथे ‘इन फॅक्ट’ बरोबर होईल की ‘इन रिॲलिटी’?

प्रतिसाद ६: पुण्यातील_मुद्रितशोधक

दोन्ही टाळावेत. अशा ठिकाणी ‘इन रिॲलिटी’ म्हटले, तर नोंदवही लिहिणाऱ्याने काही दडवले आहे असा वास येतो आणि तसे म्हणण्याइतका पुरावा आपल्यापाशी आज नाही. हिशेबाच्या भाषेत येथे क्रियाविशेषणाऐवजी विशेषण चालते. ‘द बुक बॅलन्स इज ४१२, द ॲक्चुअल काउंट इज ३९८’ असे लिहावे. मराठी अहवालातही आपण ‘प्रत्यक्ष मोजणी’ असेच लिहितो. १४ खोकी कमी का भरली, याचा शोध लागल्यावर पुढचा शब्द निवडता येईल.