९४.३ पुण्यात एक, कोल्हापुरात दुसरंच. हे कसं?

हायवेवाला
मी कोल्हापूर-पुणे माल वाहतो, आठवड्याला तीन खेपा. गाडीत एफएम कायम चालू. कात्रजचा बोगदा मागं पडला की पुण्याच्या वाहिन्या खरखरायला लागतात, साताऱ्याजवळ आकाशवाणीचं १०३.१ धरतं, आणि पेठ नाक्यापुढं हळूहळू कोल्हापूर यायला लागतं. ९८.३ दोन्हीकडं मिर्चीच. पण ९४.३ पुण्यात रेडिओ वन आणि कोल्हापुरात टोमॅटो. आकडा एकच, मग मालक वेगळे कसे?

दुसरी गोष्ट जास्त मनाला लागलेली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीला हायवेवर पाणी आलं, तेव्हा मी किणी टोल नाक्याच्या अलीकडं अडकलो होतो. मोबाइलची बॅटरी संपलेली. रात्रभर एक वाहिनी लावून बसलो, नाव घेत नाही. एकामागून एक प्रेमाची गाणी. रस्ता बंद आहे हे मला शेजारच्या ट्रकच्या क्लीनरनं सांगितलं. गावातच बसलेली वाहिनी गावातलं पाणी का सांगत नाही?

जुना रेडिओवाला
दादा, मी एका छोट्या शहरातल्या खासगी एफएमवर बरीच वर्षं गाण्यांचं शेड्युलिंग केलंय, म्हणून सांगतो.

आकडा कुणाच्या मालकीचा नसतो. सरकार लिलाव करतं ते शहरागणिक. एफएमच्या लहरी फार लांब जात नाहीत, मध्ये डोंगर आला की अडतात, त्यामुळे पुण्याचं ९४.३ कोल्हापुरात दुसऱ्याला देता येतं. टोमॅटो ‘पुढारी’वाल्यांचं. नागपुरात ९४.३ लावलंत तर माय एफएम लागेल, ते ‘दिव्य मराठी’ काढणाऱ्या भास्कर समूहाचं. मिर्ची टाइम्स समूहाची, रेडिओ सिटी आता जागरणकडे.

ही नावं पुन्हा वाचा. सगळे वर्तमानपत्रवाले! तालुक्या-तालुक्याला यांचा बातमीदार आहे, आणि रेडिओवर स्वतःची एक बातमी द्यायला यांना परवानगी नाही. खासगी एफएमला फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र लावता येतं, तेही काना-मात्रा न बदलता. मला हा नियम तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

पण तुमच्या त्या रात्रीला हा नियम आड येत नव्हता. वाहतूक, हवामान, वीज-पाण्याचा खोळंबा, नैसर्गिक आपत्तीच्या सूचना हे सगळं बातम्यांत धरत नाहीत. ‘शिरोलीला रस्ता बंद आहे, किणीलाच थांबा’ एवढं सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. सांगायला माणूस नव्हता. आमच्याकडे शेवटचा आरजे रात्री अकराला निघायचा. त्याआधी मी सकाळी सहापर्यंतचा लॉग भरून ठेवायचो: गाणं, गाणं, जिंगल, जाहिरात, गाणं. मग स्टुडिओचा दिवा बंद. आत कॉम्प्युटर चालू, बाहेर वॉचमन. पुढे पुढे तर रात्रीचा शो दुसऱ्या शहरातूनच यायला लागला, २०११ च्या धोरणाने एकच कार्यक्रम आपल्या सगळ्या केंद्रांवर लावायची मोकळीक दिली होती. पगार वाचतो ना.

आणि कुठलंही खासगी एफएम लावा, गाणी तीच. का, तर त्याच सराफाची, त्याच क्लासवाल्याची जाहिरात सगळ्यांना हवी असते. वेगळं वाजवायची छाती छोट्या शहरात कुणाची होत नाही. आमच्याकडे अडीच-तीनशे गाणी आलटून पालटून फिरायची. मराठी गाणं तासाला एक, आणि त्या एकासाठीही मी मीटिंगमध्ये भांडलोय.

ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत आपल्याकडचं लातूर आहे, बार्शी आहे. तिथे निदान रात्री एक माणूस बसवावा, एवढीच माझी तळमळ.

माणदेशी सून
दादा, आमच्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ वर. माणदेशी फाउंडेशनची, २००८ पासून. सामुदायिक रेडिओ म्हणतात याला. मालक शेठ नाही, संस्था. १०० वॅटचा ट्रान्समीटर, त्यामुळे दहा-बारा किलोमीटरच्या पलीकडं जात नाही, पण निम्मे तरी कार्यक्रम इथलेच असावे लागतात. बातम्यांची अडचण यांनाही आहेच. तरी बोलणारी माणसं आमच्यासारखीच बोलतात. माझ्या सासूबाई रेडिओवरच्या जात्यावरच्या ओव्या ऐकताना हातातलं निवडणं थांबवतात, आणि एखादी ओळ चुकीची वाटली तर तिथंच दुरुस्त करून म्हणतात. हिंदी गाण्यांना त्यांनी कधी मान वर करून बघितलं नाही.

हायवेवाला
रेडिओवाले साहेब, दिवा बंद आणि आत कॉम्प्युटर चालू, हे वाचून त्या रात्रीचा उलगडा झाला. मी तेव्हा त्या वाहिनीवर लई चिडलो होतो. तिथं ऐकणारंच कुणी नव्हतं म्हणायचं.

ताई, गुरुवारी माल घेऊन पंढरपूरला निघालोय, म्हसवडवरनंच जाणार. ९०.४ गोंदवल्यापासून धरंल का?

माणदेशी सून
गोंदवल्यात नाही धरायचं, लांब पडतं. म्हसवड दहा किलोमीटरवर आलं की लावा. आणि काच वर घ्या, इंजिनाच्या आवाजात ओव्या कळत नाहीत, थोडं थांबूनच ऐका.