सहा माणसं, गणपतीचं सामान आणि तीन रांगांची इलेक्ट्रिक गाडी... कोणती घेऊ? (घोडबंदर रोड)

बाबू_घोडबंदर

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसतं वाचतोय इथे, आज विचारून टाकतो. घरात आम्ही सहा जण, मी, बायको, दोन पोरं (१३ आणि ८) आणि आईबाबा. सध्याची डिझेल सेव्हन सीटर ११ वर्षांची झाली, आता दर दोन महिन्याला गॅरेजवाल्याचा चेहरा बघावा लागतो. रोज कासारवडवली ते ऐरोली ऑफिस, जाऊन येऊन ४५-५० किमी धरा, त्यात मेट्रोची कामं आणि कापूरबावडी म्हणजे अर्धा वेळ गाडी उभीच. वर्षातून चार वेळा गाव, संगमेश्वरच्या आत, इथून पावणेतीनशे ते तीनशे किमी.

बजेट ऑनरोड ३० पर्यंत, ताणून ३१. लिस्टमध्ये तीन आहेत: महिंद्रा एक्सईव्ही ९एस, किया कॅरेन्स क्लॅविस ईव्ही आणि बीवायडी ईमॅक्स ७. किया ईव्ही९ बघून आलो, फुकट कॉफी प्यायलो आणि परत आलो, १ कोटी ३० लाखात आमच्याकडे वन बीएचके येतो आणि वर पार्किंग.

पोरांना ९एस पाहिजे कारण पुढे तीन स्क्रीन आहेत. बायको म्हणते क्लॅविस, कारण ती पण चालवणार आणि सोसायटीचा रॅम्प वळणाचा आहे. बाबा म्हणतात "बॅटरी संपली तर कशेडी घाटात काय करणार?" आता तिथे बोगदा झालाय हे त्यांना तीनदा सांगून झालं. सोसायटीत चार्जिंगचं अजून काही विचारलेलं नाही. वापरणाऱ्यांनी सांगा, यूट्यूब बघून डोकं फिरलंय.

खारघरचा_पक्या

क्लॅविस ईव्ही वापरतोय, ५१.४ युनिटची (kWh) बॅटरी, सहा महिने झाले. आधी हे सांगतो की कंपनी म्हणते एका चार्जमध्ये ४९० किमी, ते विसरा. मला शहरात चारशेच्या आसपास आणि हायवेला ९०-१०० च्या स्पीडने साधारण साडेतीनशे मिळतात, एसी चालू, माणसं भरलेली. गणपतीत सहा जण घेऊन खारघर ते चिपळूण गेलो, घरून फुल करून निघालेलो, पोचलो तेव्हा चाळीस टक्के शिल्लक होती. म्हणजे तुमचं संगमेश्वर एका दमात होईल पण उरलेल्या बॅटरीत छातीत धाकधूक राहणार, मधे एकदा चहाबरोबर २० मिनिटं लावा आणि निवांत जा.

आता चार्जरचं खरं सांगतो. पाटीवर १२० किलोवॅट लिहिलेलं असतं, पण त्याला दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतात आणि शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी पावर अर्धी होते. सणाच्या आदल्या रात्री एका हॉटेलच्या आवारात माझ्यापुढे तीन गाड्या, एक गन बंद, अॅपवर मात्र दोन्ही हिरव्या दिसत होत्या. दीड तास गेला, पोरगी तिथेच झोपली. त्यामुळे चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघू नका, दोन दिवस आधी निघा किंवा पहाटे ३ ला. आणि फोनमध्ये तीन-चार कंपन्यांची अॅप टाकून वॉलेटमध्ये पाचशे-पाचशे भरून ठेवा, ऐनवेळी ओटीपीसाठी मोबाइलला नेटवर्क नसतं हा अनुभव आहे.

गाडीबद्दल काही तक्रार नाही. मधल्या रांगेची सीट बटण दाबलं की टुणकन पुढे पडते, आई खूश.

मीनल_ऐरोली

बाबू दादा, बॅटरीच्या आधी मागची रांग बघा. आम्ही याच तीन बघत होतो, सासूबाईंना प्रत्येक शोरूमला नेलं, तेव्हा कळलं की ब्रोशरमध्ये सगळं दिसतं पण मांडी कुठे टेकते ते दिसत नाही. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी फरशीखाली असते ना, त्यामुळे फरशी वर येते, सीट तेवढी वर नेली तर डोकं छताला लागतं म्हणून सीट खालीच ठेवतात. मग तिसऱ्या रांगेत माणूस पाटावर बसल्यासारखा बसतो, गुडघे वर, मांडी हवेत. आठ वर्षाच्या पोराला काही फरक पडत नाही. माझ्या सासूबाई पाचव्या मिनिटाला म्हणाल्या "मला उतरव गं" आणि उतरताना दारापाशी हात धरायला काही सापडेना. थोड्याफार फरकाने सगळ्यांचंच असं आहे, कोणा एकाला दोष नाही.

म्हणून ठरवा की मागे कोण बसणार. पोरं बसणार असतील तर तिन्ही चालतील. आईबाबांपैकी कोणाला बसावं लागणार असेल तर ईमॅक्स ७ ची सिक्स सीटर बघाच, मधे दोन वेगळ्या खुर्च्या आहेत, मधल्या फटीतून मागे सरकता येतं, सीट पाडायची भानगड नाही. पण तुम्ही नेमके सहा जण, म्हणजे गावाला एक पाहुणा वाढला की झालं. आणि तिन्ही रांगा उभ्या असताना तिची डिकी १८० लिटर, क्लॅविसची २१६, म्हणजे दोन बॅगा आणि एक नारळाची पिशवी. ९एस ला पुढे बॉनेटखाली १५० लिटरचा कप्पा आहे, तो गावी जाताना फार कामाचा, ओली छत्री, चपला, चार्जरची वायर सगळं तिकडे.

आणि कॅरिअर लावून वर सामान बांधायचा विचार असेल तर सोडा, हवा अडली की रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) धपकन खाली येते.

सेक्रेटरी_नाइलाजाने

मी सेक्रेटरी आहे आणि आमच्या बिल्डिंगमध्ये आता ९ इलेक्ट्रिक गाड्या आहेत, म्हणून गाडीबद्दल नाही, पार्किंगबद्दल बोलतो.

पहिलं, तुमचं पार्किंग स्टॅक किंवा पिट (मशीनवर गाडीवर गाडी ठेवायचं) असेल तर आधी टेप घेऊन खाली जा. आमच्याकडे एका मेंबरने नवी मोठी गाडी आणली, पेढे वाटले, संध्याकाळी खालच्या कप्प्यात घालायला गेले तर अँटेना बीमला. शिवाय त्या प्लॅटफॉर्मवर वजनाची पाटी असते, आमच्याकडे २००० किलो आहे. मोठ्या बॅटरीची गाडी रिकामीच त्याच्या जवळपास किंवा वर जाते. ब्रोशरमध्ये वजन छापत नाहीत बरेचदा, सेल्समनकडून लेखी मागा.

दुसरं, चार्जिंग. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे की मालक स्वतःच्या चालू कनेक्शनवरून गाडी चार्ज करू शकतो, लोड कमी पडला तर वाढवून घ्यायचा. त्यामुळे कमिटीत कोणी "परवानगीच नाही" म्हणाला तर भांडू नका, प्रिंट काढून न्या. फक्त केबल कुठून जाणार, एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच), अर्थिंग, हे लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनच्या सहीने द्या म्हणजे आमच्यासारख्यांच्या पोटातला गोळा जातो. घरच्याच मीटरवर टाकलंत तर युनिट वाढून वरच्या स्लॅबमध्ये जाल आणि बायकोच्या मायक्रोवेव्हचं बिल पण महाग होईल. महावितरणची ईव्हीसाठी वेगळी कॅटेगरी आहे, वेगळं मीटर घ्या.

तिसरं, लोकांना वाटतं रोज रात्री टाकी फुल करायची. कशाला? तुमचं रोजचं ५० किमी म्हणजे आठ युनिट. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटला तीन-साडेतीन तासात होतं. शून्यापासून फुल करायला त्याच सॉकेटवर ९एस ची ७९ युनिटची मोठी बॅटरी एक दिवस-रात्र घेईल, पण शून्यापर्यंत नेतंय कोण? ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बॉक्स आला की तेच अकरा-बारा तासांवर येतं. बॉक्स लागेपर्यंत चार महिने मी सॉकेटवरच काढले.

डिझेल_दादा

एवढी डोकेफोड करायची त्यापेक्षा हायब्रीड इनोव्हा घ्या ना. वेटिंग असेल तर असू दे. पाच मिनिटात टाकी भरते, रिसेल मिळते, मेकॅनिक वाडीवस्तीत मिळतो. ईव्हीची बॅटरी आठ वर्षांनी गेली की गाडी भंगार. मागाहून बोलू नका की कोणी सांगितलं नाही.

खारघरचा_पक्या

दादा तुमचं रिसेलचं मान्य, तिथे अजून कोणालाच काही कळत नाहीये. पण हिशोब पण करा. २५ लाखाच्या पेट्रोल गाडीला (हायब्रीड पण त्यातच) महाराष्ट्रात १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे सव्वातीन लाख, इलेक्ट्रिकला शून्य. ३० लाखाच्या वरच्या ईव्हीला ६ टक्के लावायचं २०२५ च्या बजेटमध्ये आलेलं, ते पण सरकारने मागे घेतलं. अटल सेतू, एक्सप्रेसवे आणि समृद्धीला इलेक्ट्रिक कारला टोल माफ. माझी बहीण पुण्याला, महिन्याला दोन फेऱ्या, ३२० जायचे ३२० यायचे, ते वाचले. (कोकणात जाताना नॅशनल हायवेला ही माफी नाही, तिथे द्यावाच लागणार. आणि फास्टॅगवर गाडी इलेक्ट्रिक म्हणून चढलीये ना हे पहिल्याच दिवशी बघा.)

बॅटरी भंगारचं म्हणाल तर ९एस आणि ईमॅक्स दोन्हीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत, ते तापायला आणि झिजायला जरा चिवट, रोज शंभर टक्के केलं तरी फारसं बिघडत नाही. माझ्या गाडीला मी एरवी ८० वरच थांबतो, गावाला जायच्या आदल्या रात्री फुल.

डिझेल_दादा

बरं बाबा. टँकर आला की कळवा 😄

मीनल_ऐरोली

अजून एक राहिलं. ९एस घ्यायची ठरली तर पॅकच्या (महिंद्रा व्हेरिअंटला पॅक म्हणते) नावावर जाऊ नका. १९.९५ ची सुरुवातीची किंमत ५९ च्या बॅटरीची आहे, पण त्याच खालच्या पॅकमध्ये ७९ ची मोठी बॅटरी २१.९५ ला मिळते (एक्स शोरूम). लोक काचेचं छप्पर आणि स्पीकरसाठी २७-२९ पर्यंत जातात. तुमचं काम लांब जायचं आहे, तर दोन लाख बॅटरीवर टाका, स्पीकरवर नको. छापील रेंज ६७९ आहे, त्यातले पाचशे जरी आले तरी संगमेश्वरला पोचून गावात फिरून होईल. ईमॅक्सची ५३० वाचून तिच्याशी तुलना करू नका, ती एनईडीसी नावाच्या जुन्या मोजमापाची आहे, त्यात आकडा फुगतो.

आम्ही काय घेतलं? अजून काहीच नाही, नवऱ्याचं संशोधन चालू आहे, १४ महिने झाले.

बाबू_घोडबंदर

सगळ्यांचे आभार, रविवारी तिन्ही बघून आलो म्हणून उशिरा लिहितोय.

टेप घेऊन आधी पार्किंगला गेलो (सेक्रेटरी साहेब, तुम्हाला दंडवत). आमचा प्लॅटफॉर्म वरचा आहे आणि पाटीवर २३५० किलो लिहिलंय, उंची १७८० भरली. म्हणजे बसते, पण ९एस ला वर तीनेक सेंटीमीटरच उरतात आणि लांबी ४७३७ असल्यामुळे मागे खांबापाशी डिकी पूर्ण उघडणार नाही. क्लॅविस ४५५० ची, ती आरामात. बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं, बोलली काही नाही.

मग आईला मागच्या रांगेत बसवलं. मीनल ताई म्हणाल्या तस्संच, गुडघे वर. पण गंमत अशी की बाबा स्वतःहून मागे चढले, पाय लांब केले पोराच्या सीटखाली आणि म्हणाले मी इथेच बसतो, पुढे तुझ्या आईचं बोलणं ऐकू येत नाही. सेल्समन हसत होता, आईचा चेहरा बघण्यासारखा होता. ईमॅक्स आवडली खरं म्हणजे, मधल्या खुर्च्या मस्त, पण मावशी गणपतीला नेहमी आमच्याबरोबर येते, तिला टपावर बसवू का.

एक शंका राहते. ९एस ला २० मिनिटात २० ते ८० टक्के सांगतात ते १८० किलोवॅटच्या चार्जरवर, गावाच्या रस्त्याला मला बहुतेक ६० चेच दिसले मॅपवर. मग मोठी बॅटरी ६० वर भरत बसायची तर सव्वा तास जाणारच ना? की मोठी असल्यामुळे लावायचीच गरज नाही?

खारघरचा_पक्या

जाताना लावायचीच गरज नाही, येताना लागेल. गावी घरात १५ अँपिअरचा पॉइंट आहे का ते बघा आणि अर्थिंग तपासा, कोकणात जुन्या घरांत अर्थिंगच नसतं आणि गाडी चार्जच घेत नाही, माझ्या मामाकडे हेच झालं, मागीलदारी खड्डा मारून तांब्याची पट्टी पुरली तेव्हा चालू झालं. तेवढं करून ठेवलंत तर दोन रात्रीत वीस तास लावून सत्तर टक्के भरते, चार्जर शोधायलाच नको. आणि हो, लाइट जाते तो वेळ त्यात धरा.

बाबू_घोडबंदर

काकांना फोन केला. पॉइंट आहे, पिठाच्या गिरणीचा. अर्थिंगचं विचारलं तर म्हणाले "ते काय असतं?"

इलेक्ट्रिशियन गावातच शोधतो आता. ठाण्यात बुकिंग शनिवारी, रंगावर भांडण चालू आहे.