जिन्यातल्या मुंग्या

३०२ काका: गच्चीची किल्ली कुणाकडं आहे? कालपास्नं विचारूलालोय

२०१ वैनी: नमस्कार. नाव घेत नाही, पण दुसऱ्या मजल्यावर चपलांच्या स्टँडवर कुणीतरी काहीतरी गोड ठेवलं होतं, त्याचा चिकट पाक आमच्या उंबऱ्यापर्यंत आलाय आणि मुंग्या पार देवघरात. श्रावण चालू आहे, एवढं तरी बघा 🙏

२०३ ताई: वैनी, २०२ ला कुलूप आहे, म्हणजे मजल्यावर आपण दोघीच. नाव घेतलं तरी चालेल. पाउंड केक होता, भाच्याचा वाढदिवस आहे

४०१: फोटो टाका की 😋

२०१ वैनी: अंड्याचा??

२०३ ताई: हो. बटर, साखर, मैदा पाव पाव किलो आणि तेवढ्याच वजनाची ५ अंडी. पूर्वी सगळं एकेक पाउंड, म्हणजे ४५४ ग्रॅम घ्यायचे म्हणून पाउंड केक

१०२ अक्का: अंड्याऐवजी दही चालतं काय गं?

२०३ ताई: चांगला होईल अक्का, पण तो वेगळा केक. ह्यात सोडा पावडर काही नाही, बटर साखर पांढरीफेक होईस्तोवर फेटायची, त्यात कोंडलेल्या हवेवर आणि अंड्यांवरच फुगतो. अंडी फ्रीजमधली थंड घातली तर मिश्रण फाटतं, माझं फाटलंच होतं, २ चमचे मैदा घालून सावरलं

१०१ (चेअरमन): हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

४०१: मग काल गुड मॉर्निंगचे ६ फोटो कुठल्या कामाचे ओ

१०१ (चेअरमन): आधी पार्किंगमधली तुमची मोडकी स्कूटर हलवा.

३०२ काका: गच्चीची किल्ली कुणाकडं आहे?

३०१: शहापुरातनं दुधाचा कुंदा आणायचा, ना अंडं ना ओव्हन, आणि मुंग्यांच्या वाटणीला काय उरतच नाही 😂

२०१ वैनी: हसण्यावारी नेऊ नका. लादी मी पुसली.

२०३ ताई: वैनी चुकलं माझं, खरंच. पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचं ग्लेझ केक पूर्ण गार झाल्यावर ओतायचं असतं, मी घाईत कोमट असतानाच ओतलं, सगळं पातळ होऊन वाहून गेलं. वर थर बसलाच नाही

१०२ अक्का: मग घरात का नाही ठेवलास गार करायला?

२०३ ताई: कुठं ठेवू अक्का, ४ दिवस पाऊस, पोरांचे युनिफॉर्म टेबलावर, खुर्च्यांवर, पंख्याखाली. वर पत्र्याखाली वाळत घालायचे तर गच्चीला कुलूप

२०१ वैनी: आमचेही कपडे तसेच आहेत.

२०१ वैनी: केक कापलात का?

२०३ ताई: संध्याकाळी. तुम्हाला नको ना पण, श्रावण

२०१ वैनी: मी नाही खात. ह्यांना आणि पोरांना चालतो.

३०२ काका: म्हणजे किल्ली २०३ कडं पण नाही तर