विहिरीवरचं बोर्ड मधेच अडकतं, हार्डवेअर डीबगर कोणता घेऊ?

ओलीत_वरूड
नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. विहीर वावराच्या पार टोकाला, अन् थ्री फेज लाईन आठवडाआड रात्रीची. बाबांना रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटर लावायला जावं लागू नये म्हणून मी बोर्ड बनवलं. ब्लू पिल (एसटीएम३२ एफ१०३ चिपचं छोटं बोर्ड), सिमकार्डचं जीएसएम मॉड्यूल, मोटरचा कॉन्टॅक्टर (मोठा विजेचा स्विच) ओढणारा रिले, आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरचा एलसीडी. मिस कॉल दिला की मोटर चालू.

घरी टेबलावर दहा दिवस बिनचूक चाललं. विहिरीवर मात्र दोन-तीन दिवसांत अडकतं. रिंग जाते, पण बोर्ड ढिम्म. रिसेट दाबलं की पुन्हा ठीक. प्रिंट टाकून शोधून थकलो, प्रिंटच्या ओळी वाढवल्या की अडकायची वेळच बदलते. पुढच्या महिन्यात आंबिया बहाराचा ताण (झाडांचं थांबवलेलं पाणी) तोडायचा आहे, तेव्हा पाणी चुकलं तर बहार जाईल. हजाराच्या आत कोणता डीबगर (चालू चिप थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं उपकरण) घ्यावा?

सोल्डर_यवतमाळ
भाऊ, ब्लू पिलला एसटी-लिंक व्ही२ या डीबगरचा पेनड्राइव्हएवढा क्लोन (नक्कल) पुरतो. हजाराच्या बराच आत येतो. त्याची एसडब्ल्यूडीआयओ (डेटा) तार चिपच्या पीए१३ पिनला, एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक) पीए१४ ला, अन् ग्राउंड. बोर्डाचा स्वतःचा सप्लाय चालू असेल तर ३.३ व्होल्टची तार जोडू नको. क्लोनची रिसेट पिन एसटीएम३२ साठी बऱ्याचदा कामाची नसते, हे धरून चाल. ओपनओसीडी (लॅपटॉपवरून डीबगर चालवणारा प्रोग्राम) चिपचा आयडी जुळत नाही म्हणाला अन् ०x२बीए०१४७७ दाखवला, तर तुझ्या ब्लू पिलवरची चिप मूळ कंपनी एसटीची अस्सल नाही. कॉन्फिगमध्ये तो आकडा टाकला की चालतं.

घरात रास्पबेरी पाय पिको हे छोटं बोर्ड पडून असेल तर त्यात डीबगप्रोबचं फर्मवेअर भर, त्याचाच डीबगर होतो. सिरियल पोर्टही त्यातच मिळतो. जे-लिंक एज्यू मिनी हा डीबगरही छान आहे, पण त्याचा परवाना धंद्यासाठी नाही. उद्या गावात चार बोर्ड विकणार असशील तर तो नको.

काळीमाती
खरेदीचं वर आलंच आहे. मला वापराबद्दल लिहायचं आहे.

आधी जिवाचं. तुझ्या बोर्डाला ५ व्होल्ट कुठून येतात? ट्रान्सफॉर्मर किंवा आयसोलेटेड एसएमपीएस असेल तर ठीक. कपॅसिटर लावून थेट मेनवरून उतरवले असतील, तर बोर्डाचं ग्राउंड जिवंत आहे अन् यूएसबीतून ते लॅपटॉपवर येईल. तसं असेल तर डीबगर लावूच नको, आधी सप्लाय बदल. दुसरं, डीबगरने चिप थांबवली तरी पिन होत्या तशाच राहतात. रिले ओढलेला असेल तर मोटर चालूच राहील. मेन स्विचजवळ कोणाला तरी उभं कर.

आता मुद्दा. बोर्ड अडकलं की आपला हात पहिले रिसेटवर जातो, अन् सगळा पुरावा तिथेच पुसला जातो. अडकलेल्या बोर्डाला तसंच राहू दे अन् चालू अवस्थेतच डीबगर लाव. आयडीईतलं (कोड लिहायच्या प्रोग्राममधलं) डीबगचं बटण दाबू नको, ते सहसा प्रोग्राम पुन्हा भरतं अन् चिप रिसेट करतं. ओपनओसीडीत ‘इनिट’ अन् मग फक्त ‘हॉल्ट’ दे, ‘रिसेट हॉल्ट’ नको. जीडीबीला (कोडची ओळ दाखवणारा प्रोग्राम) बोर्डात भरलेल्याच प्रोग्रामची ईएलएफ फाइल दे, ओपनओसीडीच्या ३३३३ पोर्टला जोड, ‘लोड’ न करता बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनमधून कुठे आला त्याची यादी) घे. कोणत्या ओळीवर बसलाय ते दिसेल. हार्डफॉल्टमध्ये (गंभीर चुकीमुळे चिप थांबते ती अवस्था) असेल तर सीएफएसआर (चुकीचं कारण सांगणारं रजिस्टर) वाच, अन् फॉल्ट होताना स्टॅकवर ठेवलेला पीसी (तेव्हा चालू असलेल्या सूचनेचा पत्ता) पाहा. एखादं व्हेरिएबल कोण खराब करतंय असा संशय आला तर तुझ्या चिपच्या कॉर्टेक्स-एम३ गाभ्यात चार वॉचपॉइंट (ती जागा बदलली की चिप थांबवणारे) आहेत, ते लाव.

ओलीत_वरूड
सप्लाय आयसोलेटेड आहे, दोनदा तपासला. वॉचडॉग (बोर्ड अडकलं की आपोआप रिसेट करणारा टायमर) लावून काम भागेल का?

काळीमाती
शेवटी लावच. पण आत्ता लावला तर तो बोर्ड उठवून देईल अन् कारण कळणारच नाही. नंतर डीबग करताना डीबीजीएमसीयू रजिस्टरमधला आयडब्ल्यूडीजी स्टॉपचा (हॉल्टमध्ये वॉचडॉग थांबवणारा) बिट चढव, नाहीतर हॉल्ट केल्यावर वॉचडॉग चिप रिसेट करतो.

ओलीत_वरूड
सापडलं! क्लोन मागवला. चौथ्या रात्री मोटर बंद होतानाच बोर्ड अडकलं. लॅपटॉप चार्जरविना नेला, रिसेट न करता हॉल्ट केलं. एलसीडीच्या लायब्ररीत एक व्हाइल लूप आहे. आयटूसीचा बिझी (तारा व्यस्त आहेत सांगणारा) बिट उतरायची वाट बघत बसलाय, अन् त्याला वेळेची मर्यादाच नाही. मी जीएसएमचा कोड महिनाभर उकरत होतो. जीपीआयओबीचं आयडीआर (पिनांची पातळी दाखवणारं रजिस्टर) वाचलं तर आयटूसीच्या पिन पीबी६ अन् पीबी७ दोन्ही १ आहेत. म्हणजे तारा मोकळ्या, तरी बिझी कसा?

काळीमाती
ते वाचलंस हे फार बरं केलंस. तारा मोकळ्या अन् बिझी चढलेला, हा एफ१०३ चा स्वतःचा दोष आहे, एसटीच्या इराटात (चिपच्या माहीत असलेल्या दोषांच्या यादीत) छापलेला. आयटूसीचा अॅनालॉग फिल्टर चुकतो अन् बिट अडकून राहतो. उपायही तिथेच आहे: आयटूसी बंद कर, दोन्ही पिन ओपन ड्रेन जीपीआयओ (साध्या आउटपुट पिन) करून खाली-वर कर, परत आयटूसीला दे, एसडब्ल्यूआरएसटी (आयटूसी रिसेटचा) बिट चढवून उतरव, मग चालू कर. लूपला मर्यादा घाल. अन् धक्का कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा असणार, मोटर बंद होतानाच अडकतं म्हणतोस ना.

सोल्डर_यवतमाळ
कॉइलवर आरसी स्नबर (विजेचा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लाव. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर त्याच व्होल्टेजचा तयार स्नबर घे, साधा कपॅसिटर फुटतो. एलसीडीची तार रिलेपासून लांबून ने.

ओलीत_वरूड
कॉइल ४१५ चीच आहे. स्नबर उद्या आणतो. परवापासून पुन्हा रात्रीची लाईन, कॉन्टॅक्टर पन्नास वेळा पाडून बघतो अन् इथे लिहितो.